बार्शी रोड

महाराष्ट्रांतील कांहीं लहान रेल्वे-स्टेशनांच्या नशिबीं दुसऱ्याच गांवाचें नांव वागविणें आलें. ज्या भूमीवर स्टेशन उभें राहिलें तिचा उल्लेखच नाहीं. बैलगाडीनें पुढें गांठावयाच्या पेठेचें नांव व त्यास जोडलेला 'रोड' हा शब्द, एवढ्यावर काम भागे. सोलापूर जिल्ह्यांतील कुर्डुवाडीचें स्टेशन पूर्वीं 'बार्शी रोड' म्हणून ओळखलें जाई, तें याच न्यायानें.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1859 सालीं येथवर आला आणि 1860 सालीं सोलापुरास पोंचला. बार्शी ही निजामाच्या मुलखाच्या सीमेजवळची कापसाची मोठी पेठ. पण रूळ तिला वीसबावीस मैलांवर टाकून पुढें गेले. मार्ग आंखणाऱ्यांची दृष्टि मद्रासेकडे लागलेली होती, तेव्हां त्यांस दोष कां द्यावा? पुढचीं अडतीस वर्षें हें अंतर बैलांनीं तोडलें.

या रेल्वेच्या नोकरींत राहिलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरनें 1895 सालीं बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली, आणि 1897 सालीं अडीच फुटी रुळांवरून बार्शीस गाडी गेली. कॅल्थ्रॉपचा मुद्दा साधा होता : कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये, मग यार्डास 30 पौंड वजनाचे हलके रूळहि पुरतात. लीड्सच्या किट्सन कारखान्यांतील इंजिनें त्यासाठींच सहा आंसांवर बसविलेलीं होतीं. (याच गृहस्थानें पुढें वैमानिकांसाठीं 'गार्डियन एंजल' नांवाचें पॅराशूट तयार केलें. भार कोठें व किती पडतो, याचा विचार त्याला सुटला नाहीं असें दिसतें.)

परंतु मोठे रूळ साडेपांच फुटी, हे अडीच फुटी. बार्शीची कापसाची गांठ मुंबईस जावयाची, तर ती कुर्डुवाडीस उतरवून दुसऱ्या गाडींत चढविणें भाग होतें. व्यापाऱ्याच्या हिशेबीं हें शुद्ध नुकसान; आणि अर्थशास्त्रज्ञहि त्याचीच बाजू घेईल. मला मात्र वाटतें कीं, कुर्डुवाडीचें भाग्य या अडचणींतच होतें. माल उतरतो तेथें हमाल लागतो, वखार लागते. उतारू ताटकळतो तेथें खाणावळ निघते. दोन्ही रूळ एकाच मापाचे असते, तर गाडी घटकाभर थांबून निघून गेली असती.

1906 सालीं फांटा पंढरपुरास पोंचला. तोंपर्यंत आगगाडीनें आलेल्या यात्रेकरूसहि शेवटचे तीस मैल गाडीनें किंवा पायीं काढावे लागत. पायीं वारीचें माहात्म्य यानें उणें झालें नाहीं. पण ज्यांचे पाय थकले होते त्यांस वाट मोकळी झाली. पुढें 1911 सालीं लातूर व 1927 सालीं मिरज गांठून हा मार्ग सुमारें 202 मैलांचा झाला. 1954 सालीं तो सरकारनें ताब्यांत घेतला.

2001 ते 2011 या काळांत टप्प्याटप्प्यानें सर्व मार्ग रुंद झाला. जुन्या रुळांनीं बाजूस टाकलेलें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, नव्या मार्गावर आलें. कुर्डुवाडीस माल उतरविण्याची गरज सरली. अरुंद गाडीसाठीं उभारलेला तेथील कारखाना मात्र टिकला, व तेथें आतां रुंद मापाच्या वाघिणींची दुरुस्ती चालते.