नोकरीचे अर्ज आपोआप भरणारी टूल्स: मूर्तिजापूरच्या पदवीधराच्या ती कितपत कामाची?

मूर्तिजापूरहून पुण्यात मुलाखतीला जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते. तिकीट, एखाद्या मित्राच्या रूमवर मुक्काम, दोन दिवसांचं जेवणखाण, सगळं घरून येतं. अर्ज करायला मात्र काहीच लागत नाही. मोबाइल आणि इंटरनेट असलं की झालं. त्यामुळे 'तुम्ही झोपा, आमचं टूल रात्रीतून शंभर अर्ज करेल' छाप जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली की बीकॉम, बीएस्सी, डिप्लोमा करून बसलेल्या कुणालाही ती खरी वाटावी, यात नवल नाही.

पण शंभर अर्ज गेले तर शंभरपट संधी वाढते का?

ही टूल्स नेमकं काय करतात?

'ऑटो अप्लाय' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे फॉर्म भरून देणारी. नाव, पत्ता, शिक्षण, मार्क एकदा साठवायचे, पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये ते आपोआप उतरतात. शेवटचं 'सबमिट' तुम्हीच दाबता. दुसरी म्हणजे लिहून देणारी. जाहिरात वाचून रेझ्युमेतली वाक्यं बदलणं, कव्हर लेटर तयार करणं ही त्यांची कामं. चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटकडून अनेक जण हेच करून घेतात.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने स्वयंचलित. 'अकाउंटंट, पुणे, फ्रेशर' असं सांगून ठेवलं की बॉट स्वतः जाहिराती शोधतो, प्रश्नांची उत्तरं देतो आणि अर्ज पाठवूनही टाकतो. लेझीअप्लायसारख्या सेवा त्याचे पैसे घेतात. २०२४ मध्ये गिटहबवर गाजलेला एआयहॉक हा त्याचाच मोफत, ओपन सोर्स प्रकार होता.

पहिल्या दोन प्रकारांबद्दल फारसा वाद नाही. प्रश्न आहे तो तिसऱ्याचा.

पलीकडे अर्ज कोण वाचतं?

जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिलेल्या बातमीनुसार लिंक्डइनवर तेव्हा दर मिनिटाला सरासरी ११ हजार अर्ज येत होते आणि वर्षभरात हे प्रमाण ४५ टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. एआयने लिहिलेले आणि पाठवलेले अर्ज हे त्यामागचं एक मोठं कारण.

महाराष्ट्राला असे आकडे नवे नाहीत. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. २०२४ मध्ये पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी साधारण १७ लाख ७६ हजार. पण सरकारी भरतीत एक गोष्ट पक्की असते. अर्ज नियमात बसला आणि फी भरली की परीक्षेचं किंवा मैदानी चाचणीचं बोलावणं येतं. दहा लाखांत तुमचा नंबर कितवाही असो, पेपर सोडवायला मिळतो.

खासगी कंपनीवर असं कसलंच बंधन नाही. एका जागेला हजार अर्ज आले तर एचआरमधली व्यक्ती पहिले साठ-सत्तर बघते, त्यातून सहा-सात जणांना फोन करते आणि जाहिरात बंद होते. उरलेले अर्ज उघडलेही जात नाहीत. म्हणूनच गर्दी वाढली तशी गाळणीही कडक झाली. अर्जांचा साठा सांभाळणारी जी सॉफ्टवेअर असतात, त्यांना एटीएस म्हणतात. ती रेझ्युमे वाचून फेकून देतात असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अर्ज बाद होतो तो फॉर्ममधल्या थेट प्रश्नावर. 'टॅलीचा एक वर्षाचा अनुभव आहे का?' याला 'नाही' म्हटलं की खेळ संपला.

या गाळणीवरून अमेरिकेत कोर्टकचेरीही सुरू आहे. वर्कडे या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांत शंभराहून अधिक अर्ज करून प्रत्येक वेळी नकार मिळालेल्या डेरेक मोब्ली यांनी २०२३ मध्ये दावा दाखल केला. सॉफ्टवेअर वय आणि वंश यांवरून भेदभाव करतं, असं त्यांचं म्हणणं. कंपनीला ते मान्य नाही. मे २०२५ मध्ये न्यायालयाने वयाच्या मुद्द्यावर ४० वर्षं आणि त्यापुढच्या इतर अर्जदारांनाही या दाव्यात सामील होण्याची वाट मोकळी केली. म्हणजे इकडून बॉट अर्ज पाठवतो, तिकडून दुसरं सॉफ्टवेअर तो गाळतं, आणि मधल्या मध्ये माणसाला कळतही नाही की कशावरून नकार आला.

बॉट कुठे चुकतो?

खरी अडचण इथे आहे, आणि ती गावाकडच्या उमेदवाराला जास्त नडते.

नावापासूनच बघा. आपल्याकडच्या अनेक मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. 'फर्स्ट नेम, लास्ट नेम' मागणाऱ्या फॉर्ममध्ये टूल आडनावालाच नाव समजू शकतं. पुढे ऑफर लेटर आणि पॅन कार्ड जुळत नाही आणि धावपळ सुरू होते. गावाचंही तसंच. इंग्रजीत मूर्तिजापूरची एकाहून अधिक स्पेलिंग चालतात आणि बऱ्याच फॉर्मच्या यादीत तालुक्याचं गाव नसतंच. मग 'अकोला' निवडायचं की 'इतर', हे बॉट आपल्या मनाने ठरवतो.

याहून नाजूक म्हणजे अनुभवाचा प्रश्न. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी पास उमेदवाराला महिना ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अशा योजनेत एखाद्या कार्यालयात सहा महिने काढलेल्या मुलीने 'अनुभव किती?' या चौकटीत काय लिहायचं? शून्य लिहिलं तर केलेलं काम वाया. एक वर्ष लिहिलं तर खोटं. 'सहा महिने, प्रशिक्षणार्थी' हे खरं उत्तर तिला माहीत असतं. बॉट अंदाजाने आकडा टाकतो.

'पुण्यात राहता का?', 'रात्रपाळी चालेल का?', 'नोटीस पीरियड किती?', 'पगाराची अपेक्षा?' या प्रश्नांचंही तेच. अर्ज पुढे सरकावा म्हणून सगळीकडे 'हो' भरलं गेलं, तर आठ दिवसांनी फोन येतो, 'उद्या सकाळी ऑफिसला या.' उमेदवार मूर्तिजापुरात असतो आणि आपण कुठल्या कंपनीत अर्ज केला हेही त्याला आठवत नसतं. एचआरला पहिल्या मिनिटात कळतं. आणि फॉर्मखाली 'वरील माहिती खरी आहे' अशी जी खूण असते, ती कुणी केली याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं. जबाबदारी उमेदवाराचीच.

भाषेचा एक जुना घोळही अजून संपलेला नाही. डीटीपी, मराठी टायपिंग, अनुवाद अशा कामांसाठी मराठीत रेझ्युमे लागतो आणि कॅफेवर तो अनेकदा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करून मिळतो. कृतिदेव युनिकोड नाही. डोळ्यांना अक्षरं देवनागरी दिसतात, पण फाइलच्या आत ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. सॉफ्टवेअरला तिथे फक्त गिचमिड दिसते. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथे वाचता आला तर मशीनलाही वाचता येईल. काहीच कॉपी झालं नाही, तर तो रेझ्युमे नुसता स्कॅन केलेला फोटो आहे.

आणि नियमांचं काय?

लिंक्डइनच्या वापराच्या अटींमध्ये बॉट आणि परवानगी नसलेल्या इतर स्वयंचलित पद्धतींना स्पष्ट मनाई आहे. पकडलं गेलं तर अकाउंटवर बंधनं येऊ शकतात. नुकसान इथेच थांबत नाही. अनेक मोठ्या कंपन्या एकदा नाकारलेल्या उमेदवाराला काही महिने पुन्हा अर्ज करू देत नाहीत. बॉटने चुकीच्या पदासाठी अर्ज करून ठेवला, तर योग्य पद निघतं तेव्हा दार बंद असतं.

जास्त अर्ज म्हणजे जास्त संधी, हा हिशेब पोलीस भरतीतही अंगाशी आलेला आहे. तिथे एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. तरीही काहींनी एकाच पदासाठी तीन-चार जिल्ह्यांत अर्ज भरले आणि नंतर एकच जिल्हा निवडल्याचं हमीपत्र देण्याची वेळ त्यांच्यावर आली.

सरकारी भरतीत ही टूल्स तशीही चालत नाहीत. ओटीपी, कॅप्चा, ठरावीक मापाचा फोटो आणि सही, वर फी. तलाठी भरतीला ती खुल्या प्रवर्गासाठी १,००० आणि राखीवसाठी ९०० रुपये होती. तिथे अर्जांची संख्या वाढवणं खिशालाच परवडत नाही. एकदा भरलेली माहिती पुन्हा वापरण्याची सोय मात्र सरकारनेच केली आहे. यूपीएससीने २०२२ मध्ये एकदाच नोंदणीची पद्धत आणली, एमपीएससीच्या संकेतस्थळावरही उमेदवाराचं प्रोफाइल कायम राहतं.

मग पैसे घालायचे का?

फ्रेशर असाल तर तिसऱ्या प्रकाराच्या टूलवर नाही. चार-पाच वर्षांचा ठरावीक कामाचा अनुभव असलेल्या सॉफ्टवेअर टेस्टरला त्याचा थोडा उपयोग होऊ शकतो, कारण त्याच्यासाठीच्या जाहिराती एकसारख्या असतात आणि उत्तरंही ठरलेली. नुकत्याच पदवीधर झालेल्याकडे दाखवण्यासारखं कमी असतं, आणि जे असतं ते समजावून सांगावं लागतं.

फॉर्म भरून देणारं मोफत टूल जरूर वापरावं. पाठवण्याआधी प्रत्येक चौकट वाचावी, इतकंच. चॅटबॉटकडून इंग्रजी सुधारून घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्याने न केलेली कामं घुसडली नाहीत ना, ते बघावं.

भारतात आणखी एक वाट आहे जिच्याकडे दुर्लक्ष होतं. १९९७ पासून सुरू असलेल्या नोकरी डॉट कॉमवर कंपन्या नुसत्या अर्जांची वाट बघत नाहीत. रेझडेक्स नावाच्या साठ्यात त्या स्वतः उमेदवार शोधतात. कौशल्य, शहर, अलीकडे कोण सक्रिय होतं, असे निकष लावतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून 'टॅली प्राइम', 'जीएसटी रिटर्न' असे नेमके शब्द घालणं आणि 'पुण्याला यायची तयारी' ही नोंद करणं, हे शंभर आंधळ्या अर्जांपेक्षा उपयोगी पडतं. राज्याचं महास्वयं आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. अकोला, अमरावतीतल्या जागांसाठी तिथे नजर ठेवावी.

टूलला ईमेलचा पासवर्ड किंवा ओटीपी कधीच देऊ नये. नोकरीच्या पहिल्या अर्जाला आधार क्रमांकाची गरज नसते. एखाद्या सेवेने तो मागितला किंवा 'मुलाखत पक्की, आधी रजिस्ट्रेशन फी भरा' असा मेसेज आला, तर पैसे पाठवू नयेत. गेलेच असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी पुढच्या खात्यातले पैसे गोठवण्याची शक्यता जास्त.