सुप्याची खतं

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस. हे सुपे पुणे जिल्ह्यातलं, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातलं. त्या दिवशी कुणब्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर नि दुकानांवर चालून गेला. पाहता पाहता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोहोचलं. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या दंग्यांत रक्तपात फारसा झाला नाही. लोकांना हवी होती खतं आणि हुकूमनामे. कागद हाती आले की ते जाळायचे, बहुतेक ठिकाणी काम तिथंच संपत असे.

कागदावर एवढा राग का? देण्याघेण्याचा सारा हिशेब सावकाराच्या वहीत असे. रोजची आवक-जावक कीर्दीत मांडायची, तीच पुढे खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची. दिलं ते नावे, आलं ते जमा. पद्धत नामी, तिच्यात काही खोट नव्हती. पण वही एकाच्याच घरात! कुळाने धान्य आणून घातलं, तर ते कोणत्या भावाने जमा झालं, मुळात झालं की नाही, हे त्याला कळायचं कसं? पावती मिळत नसे. खताखाली नांगराची निशाणी केली, की कुणबी मोकळा. खरं तर तिथंच अडकला.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या खताची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला होता, की जुनी देणी अंगावर साचू नयेत. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली, की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेतलं जाई. शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. कर्ज शंभर रुपये, व्याज दरमहा दरशेकडा दोन, फेड काहीच नाही. तीन वर्षांनी खत १७२ चं. सहा वर्षांनी सुमारे २९६ चं. नऊ वर्षांनी ५०९ च्या घरात! आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, की थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त मागायचं नाही. त्या नियमाने हेच देणं दोनशेवर थांबतं. पण नव्या खतात कालचं व्याज आजचं मुद्दल झालेलं, मग दामदुपट लागायची कशाला?

दंग्यांनंतर सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आता न्यायाधीशाने नुसतं शेवटचं खत पाहून भागेना. व्यवहार सुरू झाला तिथपासून हिशेब काढायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, व्याजावर व्याज नाही. माझ्या मते त्याहून मोलाचं कलम वेगळंच. शेतकऱ्याने पैसे भरले, की लेखी पावती मागण्याचा हक्क त्याला मिळाला. वर्षाला हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तकही मागता येऊ लागलं. म्हणजे वहीची एक बाजू प्रथमच कुळाच्या घरी आली. आपल्या राज्यात आज लागू असलेल्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही पावतीचं हे बंधन कायम आहे.