दारकिना ते मोला: एका इंजेक्शनची कुळकथा

१९५५ साली हिरालाल चौधुरी या मत्स्यशास्त्रज्ञाने कटला माशाच्या डोक्यातली पीयूषिका ग्रंथी वाटली, तिचा अर्क बोटभर लांबीच्या एका माशाला टोचला आणि त्या माशाने अंडी सोडली. तो मासा दारकिना. बंगालच्या डबक्यांत आणि भातखाचरांत तो आपोआप यायचा, गरिबाघरी शिजायचा; त्याचं बीज मुद्दाम तयार करावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. चौधुरींनाही त्याचं पीक नको होतं. त्यांना सोडवायचा होता मोठ्या माशांचा प्रश्न.

कटला, रोहू, मृगळ हे कार्प मासे तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात चढलेली नदी लागते. म्हणून दर पावसाळ्यात लोक नदीच्या काठाने बारीक जाळी लावून वाहत येणारे मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं, धरायचे. त्यात हवे-नको ते सगळे मासे मिसळलेले असायचे, आणि एखाद्या वर्षी पाऊस रुसला तर तळी रिकामी राहायची. पीयूषिकेच्या अर्काने माशाचं प्रजनन घडवता येतं, हे अर्जेंटिनात बर्नार्दो हौसाय यांनी १९३०च्या सुमारास दाखवलं होतं आणि ब्राझीलमध्ये फॉन ईहेरिंग यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. भारतात हात बसला तो दारकिन्यावर. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांना तळ्यातल्या कार्प माशांकडून बीज मिळवण्यात यश आलं. हा दिवस आज देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. मासळीबाजारात कापलेल्या डोक्यांतून ग्रंथी काढून अल्कोहोलमध्ये साठवण्याचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. नंतर कृत्रिम संप्रेरकाची तयार इंजेक्शनं आली. त्यांतलं ओव्हाटाइड मुंबईच्या हेम्मो फार्मा कंपनीने काढलं. गोल टाकीत पाणी फिरवणाऱ्या हॅचरी गावोगावी झाल्या.

मात्र कार्पचं विकत आणलेलं बीज तळ्यात सोडायचं, तर आधी तळं ‘साफ’ करायला हवं, असा सल्ला पुस्तकांतून आणि अधिकाऱ्यांकडून मिळू लागला. आपल्याकडे त्यासाठी मोहाची पेंड टाकायची, हेक्टरी दोन-अडीच हजार किलो. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात आणि पुढे तीच खत होते. बांगलादेशात रोटेनोन हे मासे मारणारं विष टाकायचे. मासेखाऊ मासे मरायचे, आणि त्यांच्यासोबत दारकिना, मोला, पुंटी, ढेला हे लहान मासेही. ज्या माशाच्या अंगावर हे तंत्र सिद्ध झालं, त्याच्याच जातभाईंना तळ्याबाहेर काढायला ते कारण ठरलं. मला या इतिहासातलं हे सर्वांत मोठं नुकसान वाटतं, कारण ते कुठल्याही हिशेबात धरलं गेलं नाही. टनांत मोजलं तर मासे वाढलेच होते.

हिशेब तपासला तो शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी. भारतातून त्रिनिदादला शेतमजुरीसाठी नेलेल्या लोकांच्या वंशातल्या या पोषणतज्ज्ञ डेन्मार्कमध्ये शिकल्या आणि १९८०च्या दशकात ढाक्याला कुपोषित मुलांवर काम करायला गेल्या. तिथल्या बायका त्यांना सांगत, लहान मासे खावेत, डोळ्यांना चांगले असतात. थिल्स्टेड यांनी हे बोलणं प्रयोगशाळेत नेलं. १०० ग्रॅम मोला माशात अ-जीवनसत्त्व निघालं २,५०० मायक्रोग्रॅमच्या वर; रोहू आणि सिल्व्हर कार्पमध्ये शंभराच्याही खाली. हे जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत असतं, म्हणून डोकं उडवून शिजवलं तर बरंचसं वाया जातं. काट्यासकट खाल्ल्याने कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. शिवाय मोठ्या माशाचा चांगला तुकडा कुणाच्या ताटात जातो हे घराघरातल्या बायका जाणतात. लहान मासे कालवणात सगळ्यांच्या वाट्याला येतात.

लहान मासे म्हणजे औषध मात्र नव्हे. ढाक्यातल्या मुलांना काही आठवडे मोला माशाचं कालवण देऊन झालेल्या एका चाचणीत त्यांच्या रक्तातलं अ-जीवनसत्त्व वाढलेलं दिसलं नाही. पण रोजच्या भातासोबतच्या अन्नाचं मोल एका चाचणीवर ठरवू नये, असं माझं मत आहे.

मैमनसिंगच्या बांगलादेश कृषी विद्यापीठातले मोहम्मद अब्दुल वहाब आणि थिल्स्टेड यांनी मग कार्पच्या तळ्यातच मोला सोडून पाहिला. कार्पचं उत्पादन घटलं नाही. मोला साचलेल्या पाण्यात वर्षातून दोन-तीनदा वितो. मालकाने दर आठवड्याला घरापुरता काढला तरी तळ्यात उरतो. २०२१ साली थिल्स्टेड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

जो मासा तळ्यात आपोआप वितो, त्याला हॅचरी कशाला? कारण आता तो पहिल्यांदा आणायचा कुठून, हाच प्रश्न होता. बिलांमधून, म्हणजे तिकडच्या पाणथळींतून, धरून आणावा तर तिथला साठा घटतो. आणि मोला अतिशय नाजूक: जाळ्यात खवले गळतात, भांड्यात गर्दी झाली की दगावतो. दोन-चार ग्रॅमच्या माशाला एकेक करून सुई टोचणं कार्पसारखं सोपं नाही, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक की त्याला खाद्यही तेवढंच सूक्ष्म हवं. म्हणून या कामाला वेळ लागला. वर्ल्डफिश या संस्थेच्या प्रयत्नांतून बांगलादेशात आणि ओडिशात हॅचरीतून मोला माशाचं बीज आता निघू लागलं आहे. बांगलादेशच्या मत्स्य संशोधन संस्थेने पाबदा, गुलशा, टेंगरा यांच्यासह अनेक लहान देशी माशांच्या प्रजननाच्या पद्धती बसवल्या. २०२० साली तिला एकुशे पदक मिळालं आणि त्याच वर्षी मैमनसिंगला देशी माशांची जिवंत जनुकपेढी सुरू झाली.

चौधुरींची सुई अंगुलला गाजली, त्याच ओडिशात आज बचत गटांच्या बायका गावतळ्यांत कार्पबरोबर मोला वाढवत आहेत.

आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर या मासेमार समाजाने देशी मासे टिकवण्याचं काम चिकाटीने चालवलं आहे. त्यांच्या पाठीशी बीज उभं राहायला हवं. महाराष्ट्रातल्या मत्स्यबीज केंद्रांत कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांचंच बीज प्रामुख्याने तयार होतं. त्यांतल्या प्रत्येक केंद्राने एक टाकी, फक्त एक, आपल्या भागातल्या लहान देशी माशासाठी राखून ठेवावी. आणि ज्यांच्या गावात तळं आहे त्यांनी पुढच्या खेपेला पेंड टाकण्याआधी त्यात कोणते लहान मासे आहेत, हे गावातल्या मासे धरणाऱ्या बायकांना विचारून घ्यावं.