लोहाराचें बलुतें

जामखेड तालुक्याचें नांव इतिहासांत येतें तें बहुधा खर्ड्याच्या १७९५ सालच्या लढाईमुळें. तलवारींच्या बखरी झाल्या. विळ्याखुरप्यांची मात्र कोणीं लिहिली नाहीं.

लोहार हा गांवच्या थोरल्या ओळींतील बलुतेदार. लोखंड व कोळसा कुणब्याचा, मेहनत लोहाराची. दर कामाचे दाम नाहींत, सुगींत खळ्यावर धान्याचा वांटा. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथांत बलुतेदारांच्या अडवणुकीवर कडक टीका केली आहे, व ती निराधार नाहीं. परंतु या व्यवहाराचा एक गुण नजरेआड होतो असें आम्हांस वाटतें.

पोलादाची धार लाल तापवून पाण्यांत बुडविली कीं ती कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून तिला पुन्हां मंद ऊब देऊन पिवळसर रंग चढतांच थांबवावें लागतें; क्षणभर उशीर झाला कीं ती मऊ पडते. हें पाणी चुकलें तर विळा आठ दिवसांत परत येई, आणि तें काम लोहाराला फुकट करावें लागे! त्याचें हित टिकाऊ धारेंत होतें. पाल ठोकून रोखीनें काम करणाऱ्या घिसाड्याचें कसब कमी नव्हतें. पण विळा बोथटेपर्यंत तो पुढच्या गांवीं गेलेला असे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्यें निघाला. पुढें नांगर कारखान्यांतून येऊं लागले, बलुतेंही आटलें. विळ्याखुरप्याची धार मात्र गांवींच लावून घ्यावी लागे, आतां दर खेपेस पैसे मोजून.