६३ दातांचं चाक : घरातलं एक जुनं लेथ आणि सौंसर

आपल्या भागाचा इतिहास म्हटला की देवगडचा गोंड किल्ला, नागपूरकर भोसले, जामसावळीचा मारुती इथवर आपण हमखास येतो. यंत्रं मात्र राहून जातात. जिनिंगचे रोलर, विहिरीवरची ऑइल इंजिनं, संत्र्याच्या बागांचे पंप हे सगळं ज्याच्यावर दुरुस्त होत आलं, ते लेथ मशीन तर कुणाच्या यादीतच नसतं. दुकान बंद पडलं की ते किलोच्या भावानं भंगारात जातं, आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो.

असंच एक मशीन मी घरामागच्या पडवीत बसवलं आहे. साडेचार फुटी बेड, कंपनीची पाटी निघून गेलेली. कधीचं, कुठलं, हे मशीनलाच विचारावं लागलं. बसवता बसवता जी उत्तरं मिळाली ती इथे मांडतो.

आधी शब्दाचं. आमच्याकडे जुनी माणसं लेथला 'खराद' म्हणतात. तो हिंदीचा शब्द. मराठीत या कामाला 'कातणे' आणि करणाऱ्याला 'कातारी'. पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या कातणारा तो कातारी. 'कातीव' हा शब्द आज आपण मूर्तीला किंवा देहाला लावतो, तो मूळचा त्याच्या कामातला. लाकूड कातताना हत्यार हातात धरतात. लोखंडाच्या लेथवर ते सरकत्या गाडीत पक्कं आवळलेलं असतं. ही गाडी, लीडस्क्रू आणि बदलती दातेरी चाकं इंग्लंडात हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या सुमाराला नीट एकत्र आणली आणि एकासारखे एक आटे काढणं सोपं झालं. (आटे म्हणजे आमची 'चूडी'.)

माझ्या मशीनची पहिली खूण डोक्यावरच होती : रुंद चपट्या पट्ट्यासाठीची, टप्प्याटप्प्यांची पुली. मोटर बसवायला मुळात जागाच ठेवलेली नाही. म्हणजे हे मशीन छताखालच्या लांब शाफ्टवर चालणारं. एक इंजिन, एक शाफ्ट, आणि पट्ट्यांनी जोडलेली सगळी यंत्रं. जुन्या जिनिंगमध्ये हीच रचना असे. घरी तो शाफ्ट कुठून आणणार? मी एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर घेतली, मध्ये एक छोटा आडवा शाफ्ट टाकला आणि मोटरचे मिनिटाला १४४० फेरे तिथेच कमी केले. मूळ पुलीला हात लावला नाही. ती काढली तर मशीन चालेल, पण त्याचा दाखला जाईल.

दुसरं काम बेडचं. नागपूरला कारखान्यात आयुष्य काढलेले एक मिस्त्री काका मदतीला आले. मी पाणसळ घेऊन बसलो होतो, तर म्हणाले, "मशीन सपाट पाहिजे असं नाही भाऊ, पीळ नको पाहिजे. खाट कशी, एक पाय अधर असला का करकरते." बेडच्या दोन्ही टोकांना पाणसळ आडवी ठेवायची आणि दोन्हीकडे बुडबुडा सारखाच दिसेपर्यंत पायांखाली पत्र्याच्या चकत्या घालायच्या. मग खरी परीक्षा : दीड इंची सळई नुसत्या चकमध्ये धरायची, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, तिच्यावर लांब लांब दोन कडी ठेवून हलका काप घ्यायचा आणि दोन्ही मायक्रोमीटरनं मोजायची. आमच्यात दोन थाऊचा फरक आला, म्हणजे इंचाच्या हजारातले दोन भाग. टेलस्टॉककडच्या पायाखाली एक चकती वाढवली, तो गेला.

हत्यारांबद्दल थोडक्यात. आजची कार्बाइडची टोकं या मशीनला फारशी मानवत नाहीत. त्यांना वेग आणि दांडगा बेड लागतो. हायस्पीड स्टीलचे तुकडे घेऊन हातानं धार लावणं बरं. ते पोलादसुद्धा इतिहासच आहे : अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर ते सिद्ध केलं.

आता लीडस्क्रू. मोजला तर इंचाला चार आटे. गाडीच्या चकतीवरच्या खुणाही थाऊच्या. हे इंग्रजी मापांचं जग होतं. प्लॅट ब्रदर्सच्या जिनांचे नटबोल्ट व्हिटवर्थच्या ५५ अंशी आट्याचे, रस्टन इंजिनांचेही तसेच. हार्डवेअरच्या दुकानात आजही 'चार सूत' म्हटलं की अर्ध्या इंचाचा बोल्ट मिळतो. मराठी वाचकाला इथे किर्लोस्कर आठवतील : १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान, १९१० ला किर्लोस्करवाडी, आणि महायुद्धात बाहेरची यंत्रं दुर्मीळ झाली त्या काळात, १९४१ ला, हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर, जिथे लेथ बनू लागले. माझं मशीन त्यांचं आहे असा दावा मी करत नाही. पण ते त्याच इंची काळातलं आहे.

मग आलं १९५६. १ नोव्हेंबरला जुना मध्य प्रांत फुटला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो, कचेरी नागपूरची भोपाळला गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं अमलात आला. राज्य बदललं ते एका दिवसात; मापं बदलायला वर्षं लागली. पंपाचा नवा शाफ्ट मिलिमीटरमध्ये, आणि तो दुरुस्त करणारं लेथ इंचात.

मेख अशी की इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५४ ला २ नं भागलं की उरतो १२७, जो कशानंच भागला जात नाही. म्हणून इंची लेथवर अचूक मिलिमीटरचा आटा काढायला १२७ दातांचं चाक लागतं. स्पिंडलकडे ४० दात, स्क्रूवर १२७ : चार आट्यांच्या लीडस्क्रूवर बरोबर २ मिलिमीटरचा आटा निघतो. पण हे चाक मोठं असतं, आणि माझ्या संचात ते नव्हतं. (गंमत म्हणजे आपल्या सौंसरवरून २०१५ पर्यंत धावलेल्या नॅरोगेजचं माप, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर; १२७ ची सहापट.)

संचात होतं एक उपरं चाक. बाकीची सगळी बिडाची, आकडा ठोकलेली. हे पोलादी, बिनआकड्याचं, मधल्या भोकात पितळी बुश ठोकून आसाला बसवलेलं. दात मोजले तर ६३. थोडा वेळ उलगडा होईना. मग गुणाकार केला : ६३ गुणिले १२७ बरोबर ८००१. म्हणजे १२७ नं भागण्याऐवजी ६३ नं गुणून ८००० नं भागलं तरी चूक फक्त आठ हजारात एक. ६३ आणि ४० फिरवणारी, ८० आणि १०० फिरणारी चाकं लावली की २ ऐवजी २.०००२५ मिलिमीटरचा आटा मिळतो. पंपाच्या नटाला तो फरक कळतही नाही.

ही युक्ती जगभरच्या वर्कशॉपांत माहीत होती. कुणी तरी एका कारागिरानं ती या मशीनसाठी अमलात आणली, दुसरीकडचं चाक आणून त्याला बुश ठोकून. तो हिशेब त्यानं स्वतः केला की कुणाच्या तक्त्यावरून घेतला, चाक सांगत नाही. पण मापं बदलली तेव्हा हे मशीन टाकून दिलं गेलं नाही, एवढं ते सांगतं.

म्हणून मंडळातल्या मित्रांना एक विनंती. लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, पांढुर्णा, कुठेही जुनं लेथ विकायला निघालं, तर आधी कोपऱ्यातलं पोतं बघा. बदलती चाकं त्यातच असतात, आणि भंगारवाला ती वेगळीच तोलतो. प्रत्येक चाकाचे दात मोजा, आकडा ठोकलेला आहे का बघा, लीडस्क्रूचे इंचाला किती आटे ते लिहून घ्या, फोटो काढा. १२७ किंवा ६३ सापडलं तर मला कळवा.