गाठीवरचा शिक्का

मुंबईच्या हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्टेशनातून रोज उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल, की या नावातले ‘ग्रीन’ एके काळी फोर्टात टाउन हॉलसमोर होते. तिथल्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गाठी रचल्या जात. पुढे हा बाजार कुलाब्याला गेला आणि 1920 च्या दशकात शिवडीला, म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या उशाशी आला. जागा बदलल्या, पण अडचण तीच राहिली: आवळलेल्या गाठीच्या पोटात काय आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून कोणा तिसऱ्याच्या शब्दावर भाव ठरतो. हीच गत आज खेळाडूंची चित्रे असलेल्या, हौसेने जमवलेल्या कार्डांची आहे. ती प्लास्टिकच्या पेटीत बंद करून 1 ते 10 अशी प्रत लावणारी कंपनी निवडताना लोक विचारतात, कोणाच्या आकड्याला बाजारात जास्त पैसे मिळतात? कापसाचा इतिहास पाहता हा प्रश्न दुय्यम आहे. आधी पाहायचे ते हे, की प्रत लावणाऱ्याचे पोट कोणाच्या पैशावर चालते आणि त्याचा निर्णय चुकला तर दाद कुठे मागायची.

मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीला शिक्षा सांगणारा कायदा 1829 सालचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव आभाळाला भिडले तेव्हा गाठीत सरकी, माती आणि पाणीही शिरले. म्हणून 1863 मध्ये नवा कायदा करून सरकारी निरीक्षक नेमले. ही व्यवस्था 1880 च्या दशकाच्या आरंभी गुंडाळली गेली. तिचा मूळ दोष मला असा दिसतो: निरीक्षक गुन्हा शोधत होता, आणि व्यापाराला हवी होती प्रत. माती मिसळणे हा गुन्हा. पण ‘फाइन’ म्हणून विकलेला माल ‘फुली गुड’च निघाला तर तो मतभेद असतो, आणि मतभेद फौजदारीने मिटत नाहीत. दुसरा मार्ग व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेचा. 1875 ची बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन तशी होती, पण तिच्यावर युरोपीय निर्यातदारांचे वजन. देशी व्यापाऱ्यांनी आपल्या वेगळ्या संस्था काढल्या आणि पहिल्या महायुद्धापर्यंत एकाच शहरात अनेक संस्था, प्रत्येकीचे नियम निराळे, असा कारभार झाला. 1918 मध्ये सरकारला हात घालावा लागला, आणि 1922 मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे सूत्रे आली. पुरुषोत्तमदास ठाकुरदास तिचे अध्यक्ष होते. तिच्या मंडळात गिरणीवाले, निर्यातदार, दलाल अशा निरनिराळ्या गटांना जागा होती. प्रतीवरून वाद झाला तर दोन्ही पक्षांचे पंच, त्यांचे पटले नाही तर सरपंच, आणि त्याच्यावरही अपील. माणसे तीच, लोभही तोच. पण एकाच बाजूचे डोळे गाठीकडे पाहत नव्हते. 1925 च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर ती आवळणाऱ्या प्रेसचा शिक्का आणि अनुक्रमांक आला, त्यामुळे लबाडीचा माग गाठ बांधणाऱ्यापर्यंत काढता येऊ लागला.

कोणी म्हणेल, हे सगळे यंत्र नसलेल्या काळाचे. आता कॅमेरा कार्डाची कड मोजतो. पण यंत्र मुंबईतही आले होते. माटुंग्याची कापूस प्रयोगशाळा 1924 ची. तिथे तंतू मोजत आणि थोडा कापूस प्रत्यक्ष कातून पाहत. तरीही अपिले बंद पडली नाहीत, कारण तंतूची लांबी यंत्र सांगते. कराराबरहुकूम माल दिला की नाही, हे माणसांना ठरवावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कापूस हा कच्चा माल, कार्ड हे हौसेचे, तुलना कशाला? खरे आहे, फरक मोठाच आहे. शिवडीची गाठ शेवटी गिरणीत फुटे, आणि खोटी प्रत साच्यावर धागा तुटू लागला की उघडी पडे. कार्ड मात्र पेटीतून बाहेर काढायचेच नसते. त्याची परीक्षा वापरात कधीच होत नाही, म्हणून इथे पारखणाऱ्याची घडण कापसाहूनही काटेकोर तपासायला हवी. अमेरिकेत 1991 मध्ये पीएसए ही कार्डांची प्रत लावणारी कंपनी सुरू झाली. तिने पहिल्या क्रमांकाने प्रत लावलेले कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे. त्याला 8 मिळाले आणि पुढे ते लाखो डॉलरला विकले गेले. त्या कार्डाच्या कडा आपण कातरल्या होत्या, हे एका लिलाववाल्याने 2013 मध्ये कबूल केले. मधली कितीतरी वर्षे पेटीवरचा आकडा निर्धास्त उभा होता. बहुतेक ठिकाणी प्रतवारीचे शुल्क भरतो कार्डाचा मालक, म्हणजे ज्याला वरची प्रत हवी असते तोच. पुढे ते विकत घेणारा त्या व्यवहारात कुठेच नसतो.

तेव्हा कार्ड पाठवण्याआधी कंपनीच्या नियमांत तीन गोष्टी शोधाव्यात: फेरतपासणी दुसऱ्या माणसाकडे जाते का, चुकीच्या प्रतीची भरपाई मिळते का, आणि ती पुढच्या खरेदीदारालाही लागू आहे का. तिसरीचे उत्तर ‘हो’ नसेल, तर ते कार्ड घरीच ठेवावे.