'प्रयत्न कमी पडले' असं नेमकं कोण कोणाला म्हणतं?

जयंतीच्या व्यासपीठावर आपलेच एखादे निवृत्त अधिकारी उभे राहतात आणि बेरोजगार पोरांना सुनावतात, "सवलती असूनही नोकरी लागत नाही म्हणजे तुमचेच प्रयत्न कमी पडतात." टाळ्या पडतात. मंडपाच्या मागे उभ्या असलेल्या पोरांचंही उत्तर ठरलेलं असतं, "सगळी व्यवस्थाच मनुवादी आहे, फॉर्म भरून उपयोग काय?" आमचा या दोन्ही वाक्यांवर आक्षेप आहे. दोघंही बाबासाहेबांचं नाव घेऊन बोलतात, पण काम शोधण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं, हा इतिहास दोघांनाही माहीत नसतो. म्हणून आधी इतिहासच पाहू.

सुरुवात लष्करापासून करू. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगावचा स्तंभ आपण दरवर्षी पाहतो, त्यावर त्यांची नावं आहेत. फौजेच्या नोकरीने फक्त पगार दिला नाही, शिपायांच्या पोरांना शाळा दिली. सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच शाळेचं फळ. आणि 1892-93 च्या सुमारास हे दार बंद झालं. इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत शिरला होता आणि त्या यादीत महार बसत नव्हते. बाबासाहेब तेव्हा पाळण्यातून नुकतेच उतरले होते.

आता पुढची सालं बघा. 1917 मध्ये महायुद्धात माणसं कमी पडू लागली, तेव्हा '111 वी महार' पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, 1921 मध्ये ती बरखास्त झाली. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी रेटा लावला आणि 1941 च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. म्हणजे तोच समाज 1891 ला लढाऊ, 1893 ला नालायक, 1917 ला पुन्हा लढाऊ, 1921 ला पुन्हा नालायक! या तीस वर्षांत आपल्या माणसांची छाती आखडली होती का? धाडस आटलं होतं का? बदलत होतं ते फक्त दार, आणि ते उघडायचं की लावायचं हे साहेबाच्या गरजेवर ठरत होतं. रत्नागिरीच्या एखाद्या तरुणाने 1900 साली रोज पहाटे उठून दहा मैल धावायचा सराव केला असता, तरी त्याला भरतीच्या रांगेत उभं राहता आलं नसतं. त्याला 'प्रयत्न कमी पडले' असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

पण त्या काळच्या माणसांनी 'आता उपयोग काय' असंही म्हटलं नाही, हे मागे उभ्या असलेल्या पोरांसाठी. 1886 ला फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर कोकणात पेन्शन खात स्वस्थ बसू शकले असते. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळीच्या नावाने 1894 मध्ये सरसेनापतीकडे अर्ज केला. (त्या अर्जातला 'आम्हीही मूळचे क्षत्रिय' हा सूर आज आपल्याला खटकतो. खटकायलाच हवा. पण त्या माणसापाशी तेव्हा दुसरी भाषा नव्हती.) पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी लोक जमवले, परिषदा घेतल्या, आणि 1910 मध्ये थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे निवेदन धाडलं: आम्हाला फौजेत घ्या, पोलिसात घ्या, सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा तरी द्या. हे कांबळे स्वतः पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. स्वतःला काम होतं, तरी ज्यांना नव्हतं त्यांच्यासाठी लेखणी हातात घेतली. आम्ही 'वैयक्तिक जबाबदारी' म्हणतो ती याला.

गिरणीची गोष्ट याहून बोचरी आहे, कारण तिथे दार लावणारा साहेब नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं हजारोंनी होती, पण बहुतेक सूतकताईच्या खात्यात. जिथे पगार जास्त, त्या विणकाम खात्यात त्यांना शिरकाव नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याची थुंकी त्या सुताला आणि धोट्याला लागली की सवर्ण विणकराला विटाळ! गंमत म्हणजे विदर्भात महार पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत आले होते. म्हणजे कसबाचा प्रश्नच नव्हता. शिवाय गेटवर भरती करायचा तो जॉबर. तो आपल्या गावचे, आपल्या भावकीचे, आपल्या जातीचे लोक आत घेई. सकाळी गेटवर बदली म्हणून उभ्या असलेल्या माणसाचा हात कसा चालतो हे बघण्याआधी तो कोणाचा कोण, हे बघितलं जाई.

1928 चा मोठा संप आला. संपाच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी रोखठोक विचारलं की अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत काम मिळावं ही मागणी तुम्ही घेणार की नाही? नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर ठेवू. पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते! अडथळा शेजारच्या मागावर उभा होता, लाल बावट्याखाली उभा होता. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपला गँगमन गँगमन म्हणूनच मरतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, हे त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिलं. विटाळाने पगार कसा ठरतो, हे इतकं साधं करून दुसऱ्या कोणी सांगितलेलं आमच्या वाचनात नाही.

'शिक्षण घ्या, मग कोण अडवतं' असं म्हणणाऱ्यांसाठी बडोदा आहेच. सप्टेंबर 1917, कोलंबियाची एम.ए. पदवी, लंडनमधला अभ्यास, आणि कचेरीतले कारकून कागद लांबून फेकतात. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईत येऊन शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, जात कळताच गिऱ्हाईक तुटलं. 1918 अखेर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, तिथेही सहकारी प्राध्यापकांना पाण्याच्या भांड्याची अडचण झाली. त्या पगारातून पै-पै साठवून, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेऊन, 1920 मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठलं.

आता मुद्द्याकडे येतो. बाबासाहेब आपल्या लोकांना कमी बोलले का? मुळीच नाही. मार्च 1927 ला महाडमध्ये त्यांनी मृत जनावरं ओढणं, मेलेलं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं. महारकीवर ते तुटून पडले. त्या बलुत्यावर चूल पेटत होती हे त्यांना माहीत नव्हतं का? ती सोडणाऱ्यांवर गावाने बहिष्कार टाकला, लोकांनी उपास काढले. इतकी कडक जबाबदारी दुसऱ्या कोणी आपल्या माणसांवर टाकलेली नाही. पण ते हे बोलले आपल्या सभेत. 1928 मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेची बाजू मांडताना 'आमचे लोक आळशी आहेत, सुधारतील हळूहळू' असं ते म्हणाले नाहीत. तिथे त्यांनी फौजेत, पोलिसात भरती मागितली. पुढे मजूरमंत्री असताना 1943 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत 8.33 टक्के राखीव जागांचा हुकूम काढून घेतला. घरच्यांशी बोलण्याची भाषा वेगळी आणि दार अडवणाऱ्याशी बोलण्याची वेगळी, हा भेद त्यांनी कधी गोंधळवला नाही. आपले निवृत्त साहेब नेमका हाच गोंधळ करतात. घरात बोलायचं ते माईकवर बोलतात आणि दार अडवणाऱ्याच्या हाती आयतं निमित्त देतात.

ते दार आजही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले: दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहून कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की तोंडाने 'मेरिट' म्हणणारे हे लोक मुलाखतीत 'फॅमिली बॅकग्राउंड' आवर्जून विचारतात. वडील काय करतात? ओळखीचं कोण आहे? गेटवरचा जॉबर आता एसीत बसतो, एवढाच बदल. आणि खाजगी क्षेत्राला कलम 16(4) लागू नाही.

म्हणून मित्रांनो, अभ्यास करा, इंग्रजी सुधारा, आठ तास बसा, हे आम्हीही सांगतो आणि सांगत राहू. पण तीन वर्षं परीक्षा देऊन जागा न मिळालेल्या पोराने स्वतःला खात बसू नये. त्याने हिशेब मागावा. ज्या खात्याची जाहिरात निघाली, त्याची बिंदुनामावली कधी तपासली गेली, अनुशेषाच्या जागा किती आणि किती वर्षांपासून रिकाम्या आहेत, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. एकट्याने विचारायला भीती वाटत असेल तर अभ्यासिकेतल्या दहा जणांनी दहा खाती वाटून घ्या. उत्तर आलं नाही तर अपील करा. ज्यांना नोकरी आहे त्यांनी हे अर्ज लिहायला, कागद वाचायला संध्याकाळचा एक तास द्यावा, आणि निवृत्त साहेबांनी आधी द्यावा, कारण आस्थापनेच्या फायली कशा फिरतात हे त्यांच्याइतकं आपल्यात कोणालाच कळत नाही.